मार विसरतं ते कातडं

"मार इसरतं ते कातडं, मानूस नाय," असं जिवल्या उठता-बसता म्हणायचा. सफाळ्याच्या डोंगरातल्या पाड्यावरचा माणूस. आमच्या मुलखात त्याच्यासारखा ड्रम पुन्हा कुणी वाजवला नाही.

त्याला मार बसला तो बन्सी मास्तरांचा. घाटावरून येऊन मास्तरांनी पालघरात बँड काढला होता. त्यांचा एक नेम कडक होता. नवरा मांडवाच्या दारात आला की ड्रमवर रोल धरायचा, म्हणजे दोन्ही काठ्यांचा खंड न पडणारा थरार. वाजवणाऱ्यानं स्वतः ठोका देऊन तो संपवला, की मगच नवऱ्यानं पाऊल आत टाकायचं. रोल मध्येच तुटला तर अपशकुन. हळूहळू सगळ्या पट्ट्यानं तो नेम उचलला.

जिवल्या मास्तरांच्याच बँडात होता. सातपाटीच्या एका लग्नात त्याचा रोल तुटला. मास्तरांनी भर वऱ्हाडात त्याच्या बोटांवर काठी मारली. "डोंगरी! भात झोडतोस काय?" आणि गळ्यातला ड्रम ओढून काढला. जिवल्याची बायको चिमी नवं लुगडं नेसून खास बघायला आली होती. तिनं मान खाली घातली.

पुढे तारापूरला वीजघराचं काम निघालं, तेव्हा जिवल्या तिथे दगड वाहायला गेला. तिथला राखणदार रामकिसन पलटणीत ड्रम वाजवून आलेला. तो शिकवायचा, "दायें दो, बायें दो. दूसरी चोट भी पहली जितनी." पलटणीचा रोल सरळ, लांब कापड फाडत जावं तसा. सातपाटीच्या कोळ्यांना तो भरतीसारखा चढता-उतरता लागे. जिवल्यानं हे दोन्ही रोल हातात बसवले आणि तिसरा आपल्या पाड्याचा काढला. तारप्याच्या नाचात पावलं घसटत फिरतात तसा, घोळत जाणारा, न थकणारा. दगडावर काठ्या चालवून त्याची बोटं फुटली.

"फुटू दे," तो म्हणे. "मास्तर जिता हाय तवर बोटं मरायची नाय."

सदुसष्ट साली मास्तरांच्या मुलाचं, भगवंतचं, लग्न कुंभवलीत ठरलं. नवऱ्याचा बाप वाजवणार कसा? म्हणून मुलीकडच्यांनी बोईसरचा बँड सांगितला. त्या बँडात ड्रमवर आता जिवल्या होता.

भगवंत दारात आला. जिवल्यानं रोल धरला. आधी पलटणीचा, मग कोळ्यांचा. लोक वाहवा करू लागले. मग पाड्याचा सुरू झाला आणि संपेचना. ऊन चढलं. भटजी मुहूर्त मुहूर्त करू लागले. भगवंतनं उचललेला पाय पुन्हा जागच्या जागी ठेवला.

"बस कर!" मास्तर ओरडले.

जिवल्या त्यांच्याकडे बघत वाजवतच राहिला. मास्तरांचा हात जिवल्याच्या काठ्यांकडे गेला आणि मागे आला. रोल तोडणार कसा? नेम त्यांचाच. शेवटी त्यांनी हात जोडले.

"जिवल्या, पोराचा मुहूर्त चाललाय रे. चुकलं माझं."

"आयकू नाय येत, मास्तर. भात झोडतोय ना मी!"

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. मास्तर सगळ्यांदेखत ओरडले, "चुकलं माझं!"

जिवल्यानं शेवटचा ठोका दिला. ड्रम काढून मास्तरांच्या गळ्यात घातला आणि डोंगराच्या वाटेला लागला.

मांडवाच्या कुडाजवळ चिमी उभी होती, सातपाटीला नेसलेलं तेच लुगडं नेसून. ती काही लगेच त्याच्यामागे गेली नाही. मान वर करून ती मास्तरांकडे बघत राहिली, आणि मास्तर, मांडवात शिरणाऱ्या मुलाकडे पाठ करून, जिवल्याच्या पाठीकडे.