बिनआवाजाची गाडी

चहा घ्या, पण मध्ये बोलू नका. आणि हसायचंच असेल तर शेवटी हसा, कारण मधला सगळा मामला मरणाचा आहे. माझी फजिती तुम्हाला बाहेरून तिखटमीठ लावून कळणारच आहे, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

तर मी गाडी घेतली. इलेक्ट्रिक! रिटायर झालेल्या मास्तराला कशाला हवी? फिलूने, म्हणजे माझ्या बायकोने, हेच विचारलं होतं. पण मुलगा कॅनडात, मुलगी दुबईत, वसईजवळच्या गिरीज गावातल्या त्या एवढ्या मोठ्या घरात आम्ही दोघं आणि घड्याळाची टिकटिक. शेजारची घरं कुलूपबंद. वाडीत केळीचे घड पिकून पडतात, उतरवायला माणूस मिळत नाही. आमच्याकडे नवीन काही दिसलंच तर ते चर्चच्या फळ्यावर, मयताच्या सूचनेत. म्हटलं, दाराशी तरी काहीतरी नवीन उभं असू दे.

शोरूममधल्या बाईंनी मला गाडीची सगळी माहिती सांगितली म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की त्या दोन वाक्यं बोलल्या की मी चार बोलायचो. आयुष्यभराची सवय हो! मी बोलायचं आणि समोरच्यांनी ऐकायचं. त्यामुळे माझ्या डोक्यात एकच गोष्ट शिरली, की ही गाडी आवाज करत नाही. आणि ती मी गावभर सांगत सुटलो. चर्चच्या पायरीवर सांगितली, मासळीबाजारात सांगितली. एकदा तर सिमेटरीत, पेटी खड्ड्यात उतरत असताना, शेजारच्या माणसाच्या कानात सांगितली. "मी आलो ते कळलं तरी का तुला? आवाजच नाही!"

त्याने माझ्याकडे असं काही बघितलं, की चार्जिंगचा खर्च सांगायचा राहूनच गेला.

आता दुसरी गोष्ट. दर रविवारी चर्चमधल्या पहिल्या मिस्सानंतर मी आजारी माणसांना कम्युनियन, म्हणजे मिस्साची पवित्र भाकर, नेऊन देतो. ज्यांना चर्चला येणं जमत नाही, त्यांच्या घरी. फादरांनी विश्वासाने दिलेलं काम, त्यामुळे शिस्त कडक. कम्युनियन जवळ असताना वाटेत गप्पा नाहीत. माझ्यासारख्याला ही केवढी शिक्षा, विचार करा! म्हणून मी गाडीच्या काचाच बंद करून घ्यायचो. हॉर्न नाही, रेडिओ नाही, बरोबर फिलूसुद्धा नाही. गाडी इतकी हळू चालवायचो, की कोंबड्या पुढे निघून जायच्या. आणि आजारी माणूस माझ्यापाशी जे बोलेल ते घरी येऊन बोलायचं नाही, हा माझा स्वतःचा नियम. उभ्या आयुष्यात एकदा तोंड बंद ठेवलं, आणि नेमका तिथेच घात झाला.

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते. चर्चमधली गाणीसुद्धा रडवी. त्यात आमच्या बस्त्यावकाकांना हर्निया. काका ऐंशीच्या पुढचे, जन्म वाडीत गेला, काकी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा जहाजावर, घरात सून सबिना. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, "आता थांबलात तर आतडं अडकेल, मग माझ्याकडे आणून उपयोग नाही." सबिनाने हातापाया पडून काकांना ऑपरेशनला तयार केलं होतं. तारीखही ठरली होती.

काकांच्या पुढच्या दाराशी गाडी जात नाही, तिथली गल्ली चिंचोळी. म्हणून मी मागच्या रस्त्याने जायचो, काकांच्या माडीमागच्या क्रुसापाशी गाडी लावायचो आणि वाडीला वळसा घालून पुढच्या दाराने आत शिरायचो. त्या रविवारी गेलो. टेबलावर पांढरं कापड, मेणबत्ती, सगळं तयार. काकांनी कम्युनियन घेतलं, प्रार्थना झाली, आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"मास्तर, येताना काही ऐकलंस?"

"काय काका?"

"हूंऽऽ असं. मागच्या रस्त्याने कुणीतरी तोंड मिटून गुणगुणत येतं. माझ्या खिडकीपाशी आलं की गप्प होतं. गेल्या रविवारीपण आलेलं."

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "काका, मी आत्ता त्याच रस्त्याने आलो. काही नव्हतं! चिमणीसुद्धा ओरडत नव्हती."

मला वाटलं, म्हाताऱ्याला धीर दिला. काका उशीवर मागे टेकले आणि हळूच म्हणाले, "म्हणजे ते मलाच ऐकू येतं."

दारातून सबिना म्हणाली, "सर, तुमच्या गाडीचा तर नसेल?"

"माझ्या गाडीचा?" मी हसलोच. "अगं, अख्ख्या गावाला विचार! इलेक्ट्रिक आहे ती. आवाज नाहीच!"

"नाही, म्हणजे..." ती मटकन खुर्चीत बसली. "मीपण ऐकला."

बघितलंत? एका मिनिटात मी एका घरातली दोन माणसं मरणाच्या दारात नेऊन बसवली. आणि वर आशीर्वाद देऊन बाहेर पडलो.

पुढचं घर नातालबायचं. ती अंथरुणाला खिळलेली. तिनेही ऐकलं होतं! पण ती खूश होती. "माझा नवरा असाच गुणगुणायचा. न्यायला आलाय," म्हणाली, आणि पेटीत नेसवायचं लुगडं तिने काढून ठेवायला लावलं होतं. त्याच्या पुढच्या घरी तेच. त्याच्याही पुढे तेच. जिथे जिथे मी जातो, तिथे तिथे माझ्याआधी कुणीतरी हूंऽऽ करून गेलेलं! मी थेट फादरांकडे गेलो.

"फादर, यंदा बरीच माणसं जाणार असं दिसतंय."

फादरांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मास्तर, उपास जरा कमी करा."

म्हटलं, कुणाला पटत नसेल तर राहिलं. मी स्वतः शोध लावतो. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी गाडी काढली आणि काकांच्या मागच्या रस्त्याने येरझाऱ्या घालू लागलो. काचा बंद, डोळे ताणलेले, वेग कोंबडीचा. कोण गुणगुणतंय ते एकदा दिसू तर दे! काही दिसलं नाही. काही ऐकू आलं नाही. आणि तिकडे सबिनाचा फोन, "सर, आता रोज येतं हो! एकदा नाही, सारखं जातं आणि परत येतं."

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "उद्यापासून मी अजून दोन चकरा वाढवतो."

काकांनी जेवण सोडलं. फक्त पेज, तीही दोन घोट. सूट इस्त्री करून घेतला. कुठले बूट घालायचे ते सबिनाला सांगून ठेवलं. आणि ऑपरेशनला साफ नकार! "ज्याला न्यायला आलेत त्याला कापून काय करायचंय?"

इथे मात्र माझं धाबं दणाणलं. खरं सांगतो. माझ्या बापाच्या पेटीला काकांनी खांदा दिला होता. आमच्या आळीत मला ‘अरे मास्तर’ म्हणून हाक मारणारं आता उरलंय कोण? काका गेले की मी गल्लीतला सगळ्यात म्हातारा. त्या विचाराने मला झोप येईना. आणि हे काही आकाशातून पडलेलं मरण नव्हतं. दवाखान्यात नेलं की वाचणारा माणूस एका आवाजापायी हट्टाने मरत होता.

ॲडमिट करायच्या दिवशी दुपारी मी पायीच त्यांच्याकडे गेलो. गाडी चार्जिंगला होती. फिलूला सांगून ठेवलं, "चार्ज झाली की घेऊन ये. काका तयार झाले तर तसेच दवाखान्यात नेऊ."

काकांच्या उशाशी बसलो आणि सुरू झालो. केवढं बोललो म्हणून सांगू! श्रद्धा वेगळी, अंधश्रद्धा वेगळी. मरण कुणी गुणगुणत आणत नाही. शिकलेल्या माणसाने अशा गोष्टींवर विश्वास ठेवायचा नसतो. देवाने डॉक्टर कशाला निर्माण केले? काका छताकडे बघत होते. सबिना दाराला टेकून उभी होती. मी आवाज चढवला.

"काका, हा सगळा मनाचा खेळ आहे! असा आवाज या जगात नाही!"

आणि तेवढ्यात...

हूंऽऽऽ.

कुणीतरी ऑर्गनच्या एका पट्टीवर बोट ठेवून विसरून जावं, तसा. मागच्या रस्त्याने. हळू. आमच्याच दिशेने.

काकांनी मान वळवली. "ऐकलंस?"

"न्... नाही," मी म्हणालो.

हूंऽऽऽऽ. अजून जवळ.

"मास्तर, घाम फुटलाय तुला."

अहो, इतके दिवस सगळ्यांना ऐकू येत होता तो आवाज आज मला ऐकू येत होता! याचा अर्थ काय, तुम्हीच सांगा. मी गुडघ्यांवर आलो. पश्चात्तापाची प्रार्थना सुरू केली आणि पहिल्याच ओळीनंतर पुढचं आठवेना! मुलांकडून वर्षानुवर्षं पाठ करून घेतलेली प्रार्थना! काकाच झोपल्या झोपल्या पुढचे शब्द सांगायला लागले.

आणि मग मी जे केलं ते सांगायला आजही जीभ रेटत नाही. मी काकांचा हात धरला आणि म्हणालो, "काका, तो तुमच्यासाठीच आलाय ना? नक्की ना? तुमचा नंबर आधी आहे! तुम्ही तर तयार आहात, सूटसुद्धा इस्त्रीचा आहे. त्याला सांगा ना तसं!"

आवाज खिडकीखाली येऊन थांबला.

"काय म्हणालास?" काका म्हणाले.

"म्हणजे... माझी अजून फिलू आहे हो..."

काका उठले. आठवडाभर जो माणूस कुशीवर वळत नव्हता तो उठून बसला! पाय खाली टाकले. आमच्या घरच्या बोलीत त्यांनी मला ज्या शिव्या घातल्या त्या मी तुम्हाला साध्या मराठीतसुद्धा सांगणार नाही. सारांश असा, की तासभर माझं डोकं खाल्लंस, मरण नाही, मरण नाही म्हणून, आणि खरंच दाराशी आलं तर मलाच पुढे ढकलतोस? थांब! बघूच दे कोण आलंय ते! एका हाताने पोट धरलं, दुसऱ्याने भिंत, आणि काका खिडकीशी गेले.

मी डोळे मिटून घेतले.

"सबिना," काकांचा आवाज आला, "याला उठव. खाली याची बायको आलीय."

फिलू आत आली. हातात गाडीची किल्ली. काका उभे, मी गुडघ्यांवर, सबिना तोंडावर पदर धरून गदागदा हलतेय.

"अहो, काय झालं? कुणी गेलं का?"

"फिलू, तू येताना तो आवाज ऐकलास? हूंऽऽ असा?"

"कुठला? गाडीचा?"

"गाडीला आवाज नाही!" मी ओरडलोच.

"नाही कसा? हळू चालवली की बाहेर येतो. रस्त्यातल्या माणसांना कळावं, वेळेवर बाजूला व्हावं म्हणून लावलाय कंपनीने. शोरूममधल्या बाईंनी सांगितलं नव्हतं? तुम्ही तेव्हा त्यांना वसईच्या पाणीटंचाईबद्दल सांगत होतात." मग सबिनाकडे वळून म्हणाली, "घरी तर मी त्या आवाजावरच चहाचं आधण ठेवते."

"मग मला सांगितलं का नाहीस कधी?"

"सांगणार होते. पण तुम्ही गावभर सांगत होतात की आवाज नाही. म्हटलं, नवऱ्याला चारचौघांत कशाला खोटं पाडा."

काका खुर्चीत बसले. मला वाटलं, आता परत शिव्या. पण ते हसत होते. पोट धरून हसत होते आणि दुखतंय म्हणून कळवळतही होते. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "सबिना, बूट दे गं. ते नकोत, रोजचे दे. आणि बॅग भर." मग माझ्याकडे बोट केलं. "गाडी फिलूने चालवायची. हा मागे बसेल, तोंड मिटून."

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस थांबला असतात तर कठीण होतं. ते ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडलो, हेही लपवत नाही. नातालबायला मी खरं काय ते सांगितलं, तर ती रागावली आणि अजूनही माझ्याशी धड बोलत नाही.

काका घरी आले. परवा संध्याकाळी म्हटलं, तब्येत विचारून यावी, निवांत तासभर बसावं. या वेळी गाडीच्या काचा उघड्या ठेवल्या. पहिल्यांदाच माझ्या गाडीचा आवाज मी नीट ऐकला. हूंऽऽ. वाईट नाही हो! मागच्या रस्त्याने हळूहळू गेलो, खिडकीखाली गाडी थांबवली, आणि वरून काकांचा खणखणीत आवाज आला.

"सबिना, मास्तर आला! पुढचं दार लाव आणि सांग, मी झोपलोय!"

कंपनीला कळवायला हवं. आवाज उत्तम चालतो. माणसं वेळेवर बाजूला होतात.