कोंबड्यांच्या खोलीतली चूल

ड्रमकारा गावात पुस्तक शेवटाकडून वाचायची रीत होती. शेवटी नावांची सूची असे. आपलं घराणं तिथे सापडलं की माणूस पुस्तक विकत घेई, घरी नेऊन कपबश्यांच्या फडताळात ठेवी आणि पुन्हा म्हणून त्याला हात लावत नसे. मॅलकी गिलहूलीला हे पुरतं ठाऊक होतं. म्हणून त्याच्या प्रत्येक पुस्तकात गावातलं एकूण एक घराणं येई, भले पुस्तक लेट्रिम परगण्यातल्या पाणकोंबड्यांवर का असेना.

सकाळी तो दूध डेअरीत कारकुनी करी आणि दुपारनंतर लेखक, प्रकाशक, हमाल आणि विक्रेता अशी चारही खाती सांभाळी. प्रकाशनाचं कार्यालय म्हणजे घरामागची दगडी खोली. आजोबांच्या काळापासून तिला कोंबड्यांची खोलीच म्हणत. खोलीत एक जुनी चूल होती. तिच्यात पीटची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीची, ढेकळं पेटवून मॅलकीने तीस वर्षांत चौदा पुस्तकं लिहिली. चुलीचा धूर नेमका त्याच्या तोंडावर येई. लाल डोळ्यांनी तो बाहेर पडला की लोक म्हणत, फार मनाला लावून लिहितो बिचारा.

त्याचा आवडता विषय म्हणजे जमीन बळकावणारे. जमीनदाराने शेजाऱ्याला घराबाहेर काढलं आणि तुम्ही त्याची जागा घेतलीत, तर त्या मुलखात ते खुनाहून मोठं पाप. खुन्यावर निदान एखादं गाणं तरी रचतात. मॅलकीने अशा लोकांना पुस्तकापुस्तकातून झोडपलं होतं. मग एका हिवाळ्यात डब्लिनला जमीनदाराचे जुने कागद चाळताना त्याला नाव सापडलं: मॅकटर्ननांची जागा घेणारा, टॉमस गिलहूली. त्याचे सख्खे आजोबा.

मॅकटर्ननांपैकी आता एकटी डेलिया उरली होती. वय ऐंशी, घर रस्त्यापलीकडे. मॅलकीच्या प्रत्येक पुस्तकाची पहिली प्रत ती घेई, पण त्याच्या घरी चहाला कधी आली नव्हती. तिचे पाय दुखत असतील, असं इतिहासकाराचं मत होतं.

कागद दडपून टाकता आला असता. कुणाला कळलं असतं? पण मग चौदा पुस्तकांत दुसऱ्यांच्या आजोबांना घातलेल्या शिव्यांचं काय करायचं? मॅलकीने पंधरावं पुस्तक लिहिलं आणि त्र्याऐंशीव्या पानावर सगळं कबूल केलं: मॅकटर्ननांचं खालचं शेत माझ्या आजोबांनी घेतलं. डेलियाचं दार आपल्याला कायमचं बंद होणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं.

प्रकाशनाला अख्खं गाव लोटलं. लोकांनी आपापली नावं शोधली आणि हॅमच्या सँडविचांकडे मोर्चा वळवला. आठवडा गेला, तरी कुणी चकार शब्द काढला नाही. आधी मॅलकीला हायसं वाटलं, मग राग आला. माणसाने आजोबांची अब्रू वेशीवर टांगावी आणि वेशीवरून जाणाऱ्याने वर मान करूनसुद्धा बघू नये? शेवटी तो स्वतःच डेलियाकडे गेला. पुस्तक तिच्या टेबलावर होतं आणि त्यावर चष्मा.

"वाचलंत?" त्याने विचारलं.

"वाचलं. छान लिहिलंयस."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अरे, गावालाच ठाऊक होतं. तुझ्या आईला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही. ती गेली, तोवर तू पुस्तकं लिहायला लागला होतास. एवढं लिहितोय म्हणजे याला ठाऊक असणारच, असं वाटलं सगळ्यांना." तिने त्याच्यापुढे पाव सरकवला. "फक्त जागा चुकलास. खालचं शेत आमचं कधीच नव्हतं. आमचं घर होतं."

"कुठे?"

"कोंबड्यांना चूल कशाला लागते रे मॅलकी? तीस वर्षांत एकदाही मनात आलं नाही?"

जन्मात इतकी लाज मॅलकीला वाटली नव्हती, आणि ती आजोबांची नव्हती, स्वतःची होती. दुसऱ्या दिवशी त्याने शुद्धिपत्राच्या तीनशे चिठ्ठ्या छापून घेतल्या: 'पान ८३. खालचं शेत याऐवजी, ज्या खोलीत हे पुस्तक लिहिलं ती खोली, असं वाचावं.' घरोघर जाऊन त्याने त्या वाटल्या. त्याचं लेखन गावाने पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं.

डेलियापुढे त्याने खोलीची किल्ली ठेवली. ती म्हणाली, "या वयात कोंबड्यांची खोली घेऊन काय करू? एकदा चहा पाज तिथे."

रविवारी प्रार्थनेनंतर काठी टेकत ती रस्ता ओलांडून आली आणि न खपलेल्या पुस्तकांच्या खोक्यावर बसली. मॅलकीने चूल पेटवली. धूर नेहमीसारखा त्याच्याच तोंडावर आला आणि तो डोळे चोळू लागला. डेलियाने चुलीकडे पाहिलं.

"खुर्ची उजवीकडे घे," ती म्हणाली. "आजी सांगायची, या चुलीचा धूर डावीकडे जातो."

मॅलकी उठला आणि त्याने खुर्ची उजवीकडे घेतली.