साहेबाचीही झडती

माझे बाबा घुग्घुसच्या एका कोळसाखाणीच्या तोंडाशी झडती घ्यायला उभे असत. पाळीवर उतरणाऱ्या प्रत्येकाचे खिसे, कंबर, डबा तपासायचा आणि बिडी-माचिस काढून घ्यायची. खाली गॅस असतो. एक काडी ओढली की सगळी पाळी खलास. म्हणून झडती सगळ्यांची, मॅनेजरचीसुद्धा. एकदा वरून आलेल्या एका बड्या साहेबाला बाबांनी खिशातलं लायटर काढायला लावलं. "जाऊ दे, पाहुणे आहेत," मॅनेजर म्हणाला. बाबांनी नाही जाऊ दिलं. महिन्याभरात त्यांची बदली झाली रेल्वेच्या सायडिंगवर, कोळशाच्या वाघिणी भरतात त्या धुळीत. तिथून त्यांनी जो खोकला घरी आणला तो कधी गेलाच नाही. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," आई म्हणायची. मीही मनात तेच म्हणायचे, हे इथेच कबूल करते.

पुढे मी कॉम्प्युटर शिकले आणि दोन हजार सालानंतर गडचिरोलीच्या एका कचेरीत कंत्राटावर लागले. काम होतं जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं स्कॅन करून सर्व्हरवर ठेवायचं. आजोबा कधीकाळी दुसरीपर्यंत शिकला असेल, तर त्याच्या नावापुढे जात लिहिलेली असते. नातवंडाला आदिवासी म्हणून कागद मिळायचा तर तोच पुरावा. धानोऱ्याची, एटापल्लीची रजिस्टरं वाळवीनं इतकी खाल्लेली, की काही पानं काचेवर ठेवली तेव्हाच त्यांचा भुगा झाला. त्यांचं जे काही उरलं ते आमच्या मशीनमध्येच उरलं.

त्या सर्व्हरवर मी पहारा बसवला होता. लिनक्समध्ये तशी सोय असते. प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक फाइलला एक छाप द्यायची, आणि कुठल्या छापेच्या प्रोग्रामनं कुठल्या छापेला हात लावायचा, हे नियमात लिहून ठेवायचं. तालुक्यांतून येणारी पानं उतरवून घेणारा एक प्रोग्राम होता. त्याला मी फक्त आवक फोल्डर दिलं होतं. रजिस्टरांच्या फोल्डरात त्याला मज्जाव. तो मशीनच्या मालकाच्या अधिकारानं चालला तरी मज्जाव. इतर ऑपरेटरांना हे डोक्यावरून जायचं. मला एका वाचनात कळलं, कारण असली झडती मी लहानपणापासून ऐकत आले होते. नियम लिहायला तीन आठवडे लागले, आणि मला त्याचा गर्व होता.

उन्हाळ्याच्या तोंडी एटापल्लीकडच्या एका खेड्यातून एक माणूस मुलीला घेऊन आला. मुलीला नर्सिंगला जायचं होतं. "बाई, माह्या बापाचं नाव हाये का यात, पाह्यता का?" मी शोधून पान उघडलं. नाव होतं, पुढे जात होती, मास्तरांची वळणदार सही होती. मुलीनं पडद्यावर बोट टेकवून आजोबाचं नाव वाचलं. "याची नक्कल द्या ना बाई." मी म्हटलं, नक्कल प्रवेशाचा अर्ज भरल्यावरच मिळते, तसा नियम आहे. "दोन बसा बदलून आलो बाई," तो म्हणाला. मी नियमाला धरून राहिले. पान कुठं पळून जात नाही, असंही वर ऐकवलं.

त्यानंतर आठवड्याभरात नागपूरहून मोठे साहेब काम बघायला येणार असं ठरलं. घाईघाईत मी धानोऱ्याचा शेवटचा गठ्ठा स्कॅन करून माझ्या स्वतःच्या फोल्डरात ठेवला होता. डिस्कवर जागा कमी, म्हणून तो कॉपी न करता सरळ रजिस्टरांच्या फोल्डरात हलवला. तिथंच चुकलं. कॉपी केलेली फाइल नव्या जागेची छाप घेते; हलवलेली फाइल जुनीच छाप घेऊन जाते. साहेबांसमोर धानोऱ्याचं एकही पान उघडेना. पानं दाखवणाऱ्या प्रोग्रामला माझ्या फोल्डरची छाप वर्ज्य होती; पहारा त्याचं काम चोख करत होता. फाइलींना नव्यानं छाप द्यायला त्या म्हाताऱ्या मशीनवर पंधरा मिनिटं लागली असती. मी तेवढी मागितली.

"मॅडम, ते काय लफडं आहे ते बंद करा," कचेरीतले आमचे साहेब दातओठ खात म्हणाले. मोठे साहेब घड्याळ बघत होते. माझं कंत्राट संपायला दोन महिने होते. डोळ्यांपुढे सायडिंगची धूळ आली, आणि मी एका ओळीचा हुकूम देऊन पहारा ढिला केला: अडवायचं नाही, नुसतं लिहायचं. पानं उघडली, चहा आला. फाइलींची छाप मी संध्याकाळी दुरुस्त केली. पहारा पुन्हा चालू करते म्हटलं, तर आमचे साहेब म्हणाले, "चाललंय ना? मग कशाला हात लावता?" मीही नाही लावला. लाज वाटते सांगायला, पण मला हलकंच वाटलं.

महिन्यानं कुणीतरी बाहेरून त्या आवकच्या प्रोग्राममधून आत शिरलं आणि रजिस्टरांची पानंच्या पानं कचरा करून गेलं. दुसऱ्या डिस्कवर रोज नक्कल उतरायची. तिच्यावरही तोच कचरा उतरला. मी लॉग उघडला. आवकच्या प्रोग्रामनं रजिस्टरांना हात लावला: नाकारलं. पुन्हा लावला: नाकारलं. शेकडो ओळी, प्रत्येकीत नाकारलं असं लिहिलेलं, आणि प्रत्येक वेळी ते प्रत्यक्षात झालेलं. माझाच पहारेकरी, सगळं बघून लिहून ठेवणारा आणि बोटही न उचलणारा. चौकशीवाल्यांनी त्यातली एकच ओळ वाचली: पहारा कुणी ढिला केला. तिथं माझं नाव होतं. तोंडी हुकूम कुठल्या लॉगमध्ये येतो?

एटापल्लीचा माणूस अर्ज घेऊन आला तेव्हा मी टेबल आवरत होते. पान गेलं, मूळ कागदाचाही भुगा झालाय, असं त्याला सांगितलं. त्याला ते खरंच वाटेना. "तुमीच त दाखवलं होतं बाई. पोरीनं हात लावून पाह्यला." मुलगी बंद पडद्याकडे बघत होती. मी नियम मोडला नाही तो फक्त तिच्या बाबतीत. त्याचा संताप आजही येतो, आणि तो साहेबावर कमी, माझ्यावरच जास्त येतो.

घुग्घुसला परतले. बाबा खाटेवर बसून खोकत होते. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तुले त मालूम होतं ना बाई. मंग काऊन बंद केलं?"

"साहेबानं सांगितलं, बाबा."

खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत ते थांबले.

"सांगतलं त मलेबी होतं."