सामने लाइए

ही गोष्ट जनार्दनकाका स्वतःच सांगतात, कोणी विचारलं नाही तरी. ते झाशीच्या एका पेन्शन कार्यालयात बाबू होते. नोव्हेंबरात पेन्शनरांकडून हयातीचा दाखला घ्यायचा असे. आई अंथरुणाला खिळली आहे, असं एखाद्या मुलाने सांगितलं की काका म्हणत, "सामने लाइए." घरी जाऊन तपासायची सोय नियमातच होती, पण खुर्ची सोडवत नव्हती ना! नगरा वस्तीतल्या रामकलीबाईंना मुलाने खुर्चीत बसवून दोन जिने चढवून आणलं, तेव्हाही काकांनी हातातला चहा खाली ठेवला नाही.

पुढच्या वर्षी प्रेमलाकाकूंना अर्धांगवायू झाला. त्या निवृत्त शिक्षिका; त्यांची पेन्शन दुसऱ्या कार्यालयात. तिथला बाबू मान वर न करता म्हणाला, "सामने लाइए." काकूंना उचलून जिना चढताना काकांना रामकलीबाई आठवल्या.

दुसऱ्याच दिवशी ते फॉर्म आणि शाईचं पॅड घेऊन नगऱ्याला गेले. मुलाने त्यांना ओळखलं, आत जाऊन आईच्या मृत्यूचा दाखला आणला आणि हात जोडले.

"माफ कीजिए बाबूजी, इस बार सामने नहीं ला पाएँगे."