नवं राहू दे, जुनं काढ

माझ्या भित्रेपणाबद्दल आमच्या घरात कुणाचं दुमत नाही. पाल दिसली तरी मी पलंगावर चढून बसते. पण त्या पावसाळ्यात साताऱ्याच्या घरी भरदिवसा मी जी घाबरले, तशी जन्मात घाबरले नव्हते. आणि समोर पाल नव्हती, लॅपटॉप होता.

नदीचं पाणी किती चढेल याचा अंदाज सांगणारा एक प्रोग्रॅम पुण्यातल्या एका संस्थेच्या महासंगणकावर चालतो. तो तिथं नीट बसवून ठेवायचं काम माझ्याकडं आणि माझ्या एका मैत्रिणीकडं. ती मूळची फलटणची, राहते पुण्यात. मी साताऱ्यातून घरबसल्या करते. आता बसवायचं म्हणजे फोनवर ॲप घेतल्यासारखं नाही. हा प्रोग्रॅम म्हणजे नवरदेव. एकटा येतच नाही. त्याच्या मागं मामा, मामाच्या मागं मामी, मामीच्या मागं तिची बहीण, सगळ्यांना आमंत्रण. हे मदतनीस प्रोग्रॅमांचं वऱ्हाड मुळापासून घडवून जागच्या जागी बसवणारं एक टूल असतं. त्याला आधी एका फाईलमध्ये बजावून सांगायचं, की घडवायला अमुक कंपायलर, म्हणजे घडवणारा कारागीर, वापर, तमुक जागी मांड, याला हात लावू नकोस. त्या फाईलमध्ये एक मोकळी जागा कमीजास्त झाली तरी स्वारी रुसून बसते.

माझे आप्पा सांगलीत. हळदीचे व्यापारी, घर नदीपासून दोन गल्ल्या आत. मागच्या पुराला सगळी गल्ली सामान उचलत होती तेव्हा मी फोनवर सांगितलं, मशीन म्हणतंय पाणी कोपऱ्यापर्यंत येऊन थांबेल. थांबलं! झालं, तेव्हापासून आप्पांना भोंगा लावून फिरणाऱ्या गाडीचं पटेना, शेजाऱ्यांचं पटेना. लेकीचं मशीन काय म्हणतंय तेवढं सांगा.

त्या दिवशी धरणातून पाणी सोडलं. आप्पांनी आईला सांगलीतच उंचावरच्या विश्रामबागला आत्याकडं पाठवलं आणि स्वतः घरात ठाण मांडून बसले.

"आप्पा, आवं तुमीपण जावा की."

"मशीन काय म्हणतंय?"

"अजून चालायचंय."

"मग चालू दे की. मी हाय हितं. दिवसाउजेडी जेवून घेतो, तवर सांग."

आम्ही जैन. दिवस मावळला की आप्पा पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. म्हणजे मला संध्याकाळपर्यंतची मुदत.

त्याच आठवड्यात महासंगणकावर नवा कंपायलर आला होता. आम्ही प्रोग्रॅम त्याच्यावर नव्यानं घडवला आणि तो सकाळी निम्म्यावर जाऊन कोसळला. मी घाबरले, पण बेतानं. जुन्या कंपायलरवर घडवलेलं सगळं शेजारीच शाबूत होतं. तेवढ्यात साताऱ्यातली वीज गेली, नेट गेलं. फोनला काडीभर रेंज. मी मैत्रिणीला फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "नवं राहू दे, जुनं काढ!" फोन कटला.

मला म्हणायचं होतं, नव्याचा नाद सोड, जुनं बाहेर काढ आणि चालव. आपण वही काढ म्हणतो, ताट काढ म्हणतो, तसं.

जरा वेळानं तिचाच फोन. "काढलं गं. एकदम साफ."

"साफ म्हणजे?"

"म्हणजे काढून टाकलं. जुना कंपायलर, त्याच्यावर घडवलेलं सगळं. टूलनं विचारलं नक्की का, म्हटलं हो बाबा, नक्की."

नवरदेव, मामा, मामी, मामीची बहीण, अख्खं वऱ्हाड मांडवाबाहेर! "अगं बये, तुमच्या फलटणात काढ म्हणजे टाकून दे व्हय?"

"आणि तुमच्या सांगलीत कचरा काढ म्हणतात तेव्हा काय बाहेर आणून मांडतात का गं?" ती पण चिडलीच. मग एकदम तिचा आवाज बारीक झाला. आप्पा कुठं बसलेत ते तिला माहीत होतं. "घडवते परत. आत्ता लगेच."

मग सुरू झालं. फाईलमध्ये जुन्या कंपायलरचं नाव परत घातलं, तर आधी तो कंपायलरच घडवायला लागणार. त्याला तरी हे पाहिजे, ते पाहिजे. वीज नव्हतीच, पण रेंज जरा सुधारली होती, मी फोनचं नेट लॅपटॉपला जोडलं आणि तिच्याबरोबर त्या सरकणाऱ्या ओळी बघत बसले. वऱ्हाडातल्या एका लायब्ररीपाशी, म्हणजे अशाच एका मामीपाशी, टूल अडलं. फाईलमध्ये एक मोकळी जागा जास्त पडली होती. ती काढली (हो, काढलीच!) आणि गाडं परत पुढं सरकलं. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. मेलं ते मशीन आणि मेलं ते काढणं, असं मी मोठ्यानं म्हटल्याचं आठवतंय. घरात ऐकायला कुणी नव्हतं.

उजेड कमी व्हायला लागला तसा आप्पांचा फोन आला. आवाज अगदी निवांत. "पाणी कोपऱ्याला लागलंय गं. मागच्या खेपेला हितंच थांबलं हुतं. आता थांबंल."

माझेच शब्द ते मला ऐकवत होते. मी मैत्रिणीला मेसेज टाकला, किती वेळ? तिचं उत्तर आलं, अजून खूप, विचारू नकोस. आकड्याशिवाय आप्पा हलणार नाहीत, आणि आकडा नाही. खोटा आकडा ठोकून द्यावा असंही मनात आलं. पण जीभ रेटेना.

"आप्पा, गाडी काढा."

"मशीन म्हणतंय?"

"न्हाई. मशीन बंद पडलंय. मी म्हणतीय. मला लय भ्या वाटतंय, आप्पा."

पलीकडं ताट सरकवल्याचा आवाज आला.

"आगं मग आदीच म्हणायचं की भ्या वाटतंय म्हणून. सकाळपासनं नुसतं चालायचंय, चालायचंय लावलंयस."

फोन चालूच राहिला. दाराची कडी, पावसाचा आवाज, मग स्कूटरच्या किका. एक, परत एक. मी इकडं जमिनीवर बसून नवकार मंत्र म्हणत होते आणि मधल्या ओळी विसरत होते. शेवटी इंजिन सुरू झालं आणि फोन बंद झाला.

विश्रामबागला पोचल्यावर त्यांनी आत्याच्या फोनवरून कळवलं. "आलोय. चाकं निम्मी पाण्यात हुती. जेवायचं तेवढं राहिलं, ताट ओट्यावरच हाय, दिवस मावळला."

मशीनचा आकडा त्यानंतर बऱ्याच वेळानं आला. त्या हिशेबानं पाणी आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याच्याही वर जाणार होतं, आणि आप्पांचं वाढलेलं ताट त्याच ओट्यावर राहिलं होतं. मी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, उपाशीच झोपलाय, उठवू का? मी म्हटलं, राहू दे.