सांगलीची मुलाखत

विजया गेल्याचा फोन तिच्या भावाने केला. "ताई, आक्का सकाळी गेली... झोपेतच." मी नुसतं 'हो, हो' म्हणत राहिले आणि फोन ठेवल्यावर घरभर फिरत सुटले. झोपेत? विजया? जागेपणी जी बाई घटकाभर एका जागी बसली नाही, ती अशी निमूट कशी गेली, हे महिना उलटला तरी मनाला पटत नाही.

नव्वदच्या दशकात साताऱ्यातल्या एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात आम्ही दोघी शेजारी बसायचो. ती मूळची म्हसवडची. फौजेतले वडील गेलेले, धाकटा भाऊ शिकायला वसतिगृहात, म्हणून आईला घेऊन साताऱ्यात दोन खोल्यांत राहायची. अशात तिला सांगलीच्या एका मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं. पद आयटी मॅनेजरचं, हाताखाली सगळे पुरुष.

कामावरून सुटलं की मी तिच्याकडे जायचे आणि मुलाखत घेणारा साहेब व्हायचे. नेटवर्क, बॅकअप, नवी यंत्रणा आणताना जुनी कधी बंद करायची... फेऱ्या मारत ती इंग्रजीत धडाधड सांगायची. पण "पुरुष तुमचं ऐकतील का?" म्हटलं की भडकायची.

"हे काय विचारणं झालं गं?"

"विचारणारच ते. बस खाली, उत्तर दे."

रोज नवं उत्तर, आणि रोज ते तिलाच नापसंत. एका संध्याकाळी तिची आई ज्वारी निवडत आमचं नाटक ऐकत होती. मधेच म्हणाली, "मी इचारू का एक? तू सांगलीला गेलीस तर मी कुठं ऱ्हायाचं? हितं आता कुठं चार वळखी झाल्यात." विजयाच्या फेऱ्या थांबल्या. तिने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं... आणि पाणी प्यायला आत गेली. ती लवकर बाहेर आलीच नाही.

सांगलीला मी सोबत गेले. तिला आत बोलावलं, मी फाटकासमोर चहाच्या गाड्यावर थांबले. बाहेर आली ती मला ओलांडून तरातरा स्टँडच्या दिशेने. मी मागे धावत. बसमध्ये बसल्यावर तिने सांगितलं. तो प्रश्न आलाच होता. ही म्हणाली होती, "सर, सर्व्हर बंद पडला की सगळेच ऐकतात." साहेब लोक हसले. मग त्यांनी विचारलं, सांगलीला यायला काही अडचण? "आहे. आईला अजून विचारलेलं नाही." तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

"घालवलं मी सगळं," ती म्हणाली. कराडला बस थांबली, तर ही उतरून फलाटावर फिरत बसली. कंडक्टर ओरडला, "ओ ताई, येताय का ऱ्हाताय?"

तरीही नोकरी मिळाली. घरी पोचल्यावर तिने आईला विचारलंच होतं. म्हातारी दोन दिवस त्या चार ओळखींकडे जाऊन बसली. मग म्हणाली, "चल. पर शेजार बघून घर घे, लय येकटं नगं." सांगलीत पहिले काही महिने आईची चिडचिड आणि विजयाची ओढाताण, दोन्ही फोनवर मी ऐकलं. हळूहळू म्हातारी रमली. शेवटची वर्षं तिने तिथेच समाधानात काढली. विजया मात्र निवृत्त होईपर्यंत धावतच होती.

परवा तिच्या ऑफिसातल्या लोकांनी ऑफिसातच शोकसभा ठेवली, म्हणून सांगलीला गेले. तिथे शमीम भेटली. विजयाने निवडलेली पहिली मुलगी, आता स्वतः मोठ्या हुद्द्यावर. म्हणाली, "मुलाखत संपताना मॅडम म्हणाल्या, आता तू आम्हाला विचार. मी घाबरत विचारलं, या मजल्यावर बायकांसाठी बाथरूम कुठंय? साहेब लोकांनी माना खाली घातल्या. मॅडम म्हणाल्या, नाहीये. मी तीन मजले उतरून जाते. तू रुजू व्हायच्या आत होईल." आणि झालं होतं!

मी मुद्दाम वर, त्या मजल्यावरचं बाथरूम बघायला गेले. दाराला आतून कडी होती. आत दोघीतिघी कशावरून तरी मोठ्याने हसत होत्या... मी बाहेर थांबले. घाई नव्हती.