काट्यावरची खुर्ची

कारेगावच्या वजनकाट्यावर मल्हारीची एंट्री सकाळी सातला व्हायची. आधी काट्यावरची माती झाडायची, मग स्वतः मधोमध उभं राहून खिडकीतून आतल्या डबीवरचा आकडा बघायचा. साठ दिसले की काटा बरोबर. निमोण्याच्या या माणसानं अठरा वर्षं आपलं वजन हलू दिलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीतही दुसरी जिलबी तो नको म्हणायचा. काटा चुकेल म्हणायचा.

मग खिडकीतल्या खुर्चीत बसून पावत्या लिहायच्या. ट्रकवाले त्याला मामा म्हणायचे आणि त्याच्या अक्षराचं कौतुक करायचे. रोज तोच प्रवेश, रोज हाऊसफुल्ल.

२००२ साली मालक विश्वजीतदादांनी कॉम्प्युटर आणला आणि शिरूरहून अनुपमा नावाची मुलगी कामाला ठेवली. दादांनी स्पष्टच सांगितलं होतं. शनिवारपर्यंत डबीतलं वजन कॉम्प्युटरवर उमटलं, तर खुर्ची हिची, मल्हारीनं बाहेर उभं राहून गाड्या काट्यावर लावायच्या. नाही उमटलं, तर कॉम्प्युटर परत.

ड्रायव्हर केस विंचरून खिडकीशी येऊ लागले, ते एक वेळ मल्हारीनं सोसलं. पण चहावाल्या झुंबरबाईनं तिला कपबशी दिली आणि त्याच्या हातात नेहमीचा टवका उडालेला ग्लास ठेवला, तेव्हा त्यानं चहा न पिताच ग्लास परत केला.

गुरुवारी अनुपमानं डबीमागची केबल कॉम्प्युटरच्या सिरीयल पोर्टला लावली, दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळले. पडद्यावर वजनाच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कसली कसली अक्षरं आली. केबल काढून पुन्हा लावली, तरी तेच. डबीच्या कंपनीच्या कागदावर आकडे पाठवायचा वेग शहाण्णवशे लिहिला होता. तिनं समोरच्या पीसीओवरून कंपनीला फोन केला, तर कागदाप्रमाणेच ठेवा, काही बदलू नका, असं उत्तर मिळालं.

परत येऊन ती वेग, वेग असं पुटपुटत बसली. तो शब्द ऐकला आणि कोपऱ्यातल्या मल्हारीला सगळं आठवलं. तीन वर्षांपूर्वी ड्रायव्हरांना दिसावी म्हणून लाल आकड्यांची मोठी पाटी बाहेर लावली, तेव्हा तिच्याशी जुळावा म्हणून दौंडच्या मिस्त्रीनं डबीचा वेग बदलला होता. चोवीसशे. मल्हारीनं तो आकडा वहीच्या पुठ्ठ्यावर मोत्यासारख्या अक्षरात लिहून ठेवला होता. त्यानं वही उचलली आणि मांडीखाली घेऊन बसला. गुरुवार गेला, शुक्रवारही गेला. पोरगी जेवणाचा डबा न उघडता घरी जायची, ते त्याला दिसत होतं. गोडही वाटत होतं.

शनिवारी दुपारी तिनं त्याला हाक मारली. "मामा, जरा काट्यावर उभे राहता का? तुमचं वजन हलत नाही म्हणतात. निदान तेवढं तरी खात्रीचं असू दे."

तो जाऊन उभा राहिला. मागं कांद्याच्या चार गाड्या खोळंबलेल्या, ड्रायव्हर खाली उतरून बघत होते. खिडकीत ती दिसत होती, त्याच्या खुर्चीत, पदरानं डोळे पुसताना. अठरा वर्षं त्यानं या खिडकीतून बाहेर पाहिलं होतं. बाहेरून आत खुर्ची कशी दिसते, ते त्याला माहीतच नव्हतं. केवढीशी तर होती ती खुर्ची.

"चोवीसशे टाक," तो म्हणाला.

"काय?"

"वेग. त्यो शहाण्णवशे खोड आन् चोवीसशे टाक."

तिनं टाकला. पडद्यावर साठ उभे राहिले. ती हसली, मग हसता हसता थांबली. "मामा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"गुरवारपासून," मल्हारी म्हणाला. खोटं बोलायला जीभच वळली नाही.

तेवढ्यात दादा आले, पडदा बघून तिची पाठ थोपटली. ती म्हणाली, मामांनी आकडा सांगितला म्हणून झालं, नाहीतर कॉम्प्युटर परत गेला असता. दोन दिवसांचा शब्दसुद्धा काढला नाही.

ते ऐकून मल्हारीला आणखीच झोंबलं. खुर्ची गेली ती गेली, आता या पोरीच्या मनाचाही हेवा करणं नशिबी आलं. तो काट्यावरून उतरला आणि कांद्याच्या पहिल्या गाडीला हात केला.

"घे पुढं. अजून. बास. आन् क्लीनर, तूबी उतर खाली."

आवाज असा लागला, की शेवटच्या गाडीपर्यंत पोचला.